"दादा आहे ना सोबत": टिओमान बेटावर स्कूबा शिकताना

मला खरं तर कॅरिबियनला जायचं होतं. पाठीवर एक बॅग, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, मिळेल ते होस्टेल आणि जमेल तितकं डायव्हिंग. मी चोवीस वर्षांची आहे, सिंगापूरमध्ये वन-नॉर्थला नोकरी करते, मरीन परेडला राहते आणि खोलीचं भाडं वेळेवर देते. तरीसुद्धा हा प्लॅन पुण्याला आईकडे अॅप्रूव्हलसाठी गेला. (कसा गेला म्हणजे काय, मीच पाठवला. सवय.) तिकडून उत्तर आलं, "आधी तिथेच जवळ कुठेतरी जाऊन शीक. अमेयला घेऊन जा. त्याच्यासोबत सगळं नीट झालं, तर पुढचं बघू."

अमेय म्हणजे माझा चुलत भाऊ, ज्याच्या फ्लॅटमध्ये मी राहते. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत आहे. दोन वर्षांपूर्वी थायलंडला जाऊन त्याने डायव्हिंगचं कार्ड काढलं होतं आणि तेव्हापासून तो घरातला समुद्रतज्ज्ञ आहे. आमच्याकडे कुठल्याही मुलीला कुठेही जायचं असलं, क्लास, पिकनिक, मैत्रिणीचं लग्न, की "दादा आहे ना सोबत" एवढं म्हटलं की काम होतं. दादा तिथे नक्की काय करतो हे कोणी विचारत नाही. सोबत असतो, बस.

तर ठरलं. लाँग वीकेंड, मलेशियातलं टिओमान बेट. सिंगापूरहून डायव्हिंग शिकायला बहुतेक सगळे तिथेच जातात, कारण जवळ आहे आणि स्वस्त आहे. आमच्या वेळी कोर्स, राहणं, बस, बोट सगळं धरून पाचशे डॉलरच्या आत बसलं.

इंडियन पासपोर्टवाल्यांनो, एक सांगते. ऑफिसमधली सिंगापूरची मंडळी "जस्ट गो ला" म्हणतील. त्यांचं ऐकू नका. ते शुक्रवारी उठून जाऊ शकतात, आपल्याला, आमच्या वेळी तरी, व्हिसा लागत होता, फोटो लागत होते, रजा टाकून रांगेत उभं राहावं लागत होतं. पहिला राग मला तिथेच आला, काउंटरवर, जेव्हा फोटोचं बॅकग्राउंड पुरेसं पांढरं नाही म्हणून मला परत पाठवलं.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर बस पकडली. वहिनीला (केतकी वहिनी, दादाची बायको) पाण्याची भीती वाटते, ती आली नाही. तिने डब्यात मेथीचे ठेपले दिले आणि दादाला म्हणाली, "हिच्याकडे लक्ष दे रे." दादा नवीन अंडरवॉटर कॅमेऱ्याचं बटण दाबून बघत होता. "हो हो," म्हणाला.

बॉर्डरला बसमधून उतरायचं, शिक्का घ्यायचा, परत चढायचं, हे दोनदा. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. मग मर्सिंग नावाचं छोटं बंदर. तिथली फेरी भरतीवर अवलंबून असते, त्यामुळे तिकिटावरच्या वेळेला फार मनावर घेऊ नका. आम्ही वाट बघत केळीच्या पानातला नासी लमाक खाल्ला. भात, वर तिखट संबाल, शेंगदाणे, सुके मासे. पाच रिंगिटच्या आत. ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं जेवण तेच, कारण तेव्हा मी कोणावर चिडलेली नव्हते.

टिओमान दिसतं मात्र असलं भारी की चिडायचं विसरायला होतं. मागे जंगलाने भरलेला डोंगर, पुढे लाकडी जेट्टी, आणि पाणी इतकं स्वच्छ की जेट्टीवरूनच खालचे मासे दिसतात. रूम म्हणजे पंखा, मच्छरदाणी आणि बाथरूममध्ये एक पाल. मला चाललं. दादाने एसी आहे का विचारून घेतलं.

आमची इन्स्ट्रक्टर फराह, मलेशियातल्याच जोहोरची, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. बॅचमध्ये आम्ही दोघंच शिकणारे, मी आणि मिस्टर टॅन. साठीचे, नुकतेच रिटायर झालेले, सिंगापूरमध्येच बेडोकला राहणारे. सगळे त्यांना अंकल म्हणत होते. दादाकडे आधीच कार्ड होतं, तो नुसता मजेसाठी डायव्ह करणार होता. फराहने जोड्या लावल्या, म्हणजे कोण कोणाचा 'बडी' ते ठरवलं. अंकल तिच्यासोबत, मी दादासोबत.

"पाण्याखाली बडी म्हणजे सगळं," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "तुझी हवा संपली तर त्याची हवा तुझी. दर थोड्या वेळाने त्याच्याकडे बघ. तो दिसला नाही, तर एक मिनिट आजूबाजूला शोध. तरीही नाही दिसला, तर श्वास घेत हळूहळू वर ये. तो पण वर येईल. वर भेटायचं."

"सिंपल," दादा म्हणाला.

शुक्रवार उथळ पाण्यात गेला. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचं आणि नाकाने जोरात हवा सोडून ते बाहेर काढायचं. तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून हवा येते तो, काढून परत शोधायचा. पहिल्यांदा नाकात पाणी गेल्यावर मला वाटलं झालं, संपलं माझं कॅरिबियन. चौथ्यांदा जमलं. अंकलना सातव्यांदा जमलं आणि त्यांनी पाण्याखालीच टाळ्या वाजवल्या. हे सगळं चालू असताना दादा किनाऱ्यावर बसून आम्हाला थम्स-अप करत होता. डायव्हिंगमध्ये थम्स-अपचा अर्थ "वर चला" असा होतो. अंकल दोनदा उठून उभे राहिले.

शनिवार. पहिला डायव्ह मस्त झाला. त्याबद्दल लिहायला बसले तर पानं भरतील. खाली गेल्यावर स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही आणि डोक्यातली सगळी बडबड बंद होते. माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

दुसरा डायव्ह. पाणी गढूळ झालं होतं, चार-पाच मीटरपलीकडे नुसतं हिरवं. पुढे फराह आणि अंकल, मागे दादा आणि मी. खोली दहा मीटरच्या आसपास. आणि डावीकडून एक कासव आलं. खरंच सुंदर होतं, त्याची काही चूक नाही. दादाने कॅमेरा पुढे धरला आणि कासवाच्या मागे निघाला. मागे वळून बघितलं नाही. हात नाही, खूण नाही, काही नाही.

आता माझ्यापुढे दोन पर्याय होते. फराहच्या मागे जायचं की बडीला शोधायचं? आणि मी, शहाणी मुलगी, नियम पाळला. बडीला सोडायचं नाही. मी थांबले, वळले, त्याला शोधलं. तेवढ्यात पुढचे दोघं हिरव्यात गेले. मागचा एक तर आधीच गेला होता.

तिथे मी एकटी. कोणी नाही. वर, खाली, चारही बाजूंना सारखंच हिरवं.

घाबरले का? हो, थोडी. श्वास भरभर झाला. मग मनात मोजत एक मिनिट गोल फिरून शोधलं. दादा नाही. मग आपल्याच बुडबुड्यांपेक्षा हळू, श्वास न रोखता, शिकवलं होतं तसं वर आले. वर अंगातलं हवेचं जॅकेट फुगवलं, बोट दिसली, हात वर केला. बोटवाल्याने मला बघितलं आणि तोंड वळवून बोटीवरच्या कोणालातरी जोरात हाक मारली. मी मागे नाही हे लक्षात येऊन फराहही लगेचच अंकलना घेऊन वर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"यू ओके? बडी कुठेय?"

"मलाच विचारायचंय ते."

दादा आला बऱ्याच वेळाने. बोटीच्या शिडीवरून चढता चढता म्हणाला, "सई, यार, काय कासव होतं! बघितलंस ना?"

त्याला माहीतच नव्हतं. मी मागे नाही हे त्याला वर येईपर्यंत माहीतच नव्हतं.

फराह त्याला बोलली, इंग्लिशमध्ये, हळू आवाजात, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी पण मागे बघायला उशीर केला. ती माझी चूक. सॉरी." त्या अख्ख्या वीकेंडला सॉरी म्हणणारी ती एकटी माणूस.

संध्याकाळी बीचवर जेवायला बसलो. कोळशावर भाजलेला मासा, थंड नारळपाणी, सूर्यास्त, सगळं फुकट गेलं. शेजारच्या टेबलावर दोन मुंबईकर कपल्स होती, दादाने लगेच दोस्ती केली आणि व्हिडिओ दाखवायला लागला. "माझी बहीण पण होती, पण ती घाबरून वर निघून गेली."

"होतं असं पहिल्यांदा," त्यातली एक मला समजावत म्हणाली. "नको टेन्शन घेऊस."

"मी घाबरून नाही आले. हा मला सोडून गेला म्हणून आले."

"अगं, कासव होतं!" दादा म्हणाला. सगळे हसले. जणू कासव हे कारण होतं. जणू समोर कासव आलं की माणसाची सगळी कर्तव्यं माफ.

"अमेय दादा, मी एकटी होते खाली."

"पण काही झालं का? नाही ना? मग इतकं काय."

मी ताटातला मासा तसाच ठेवून उठले. त्याआधी मी कधीच अन्न टाकलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी फराहला सांगितलं की मला तो बडी म्हणून नको. दादाला वाटलं मी नाटक करतेय. का ते फराहने एका शब्दानेही विचारलं नाही. तिने मला अंकलसोबत लावलं आणि स्वतः आमच्या दोघांच्या मागे राहिली.

आता अंकलबद्दल. अंकल असह्य बडी आहेत. दर अर्ध्या मिनिटाला माझ्यासमोर येऊन ओकेची खूण करतात. मी ओके म्हटलं की माझा हवेचा काटा स्वतः बघतात. एकदा मी स्टारफिश बघायला थांबले तर माझ्या पायातला फिन धरून मला ओढलं. वर आल्यावर मी हसत म्हटलं, "अंकल, मला सुखाने मासे तरी बघू द्या."

"ऐय्या गर्ल, फिश ऑल्वेज देअर," ते म्हणाले. "तू हरवलीस तर तुझ्या आईला मी काय सांगू?"

दोन्ही डायव्ह झाले. मी पास झाले.

परतीच्या फेरीत दादा शेजारी येऊन बसला. चॉकलेट दिलं (बेट ड्युटी-फ्री आहे, चॉकलेट घ्याच). म्हणाला, "हे बघ, काकूंना मी सांगतो की सगळं एकदम मस्त झालं, सई तयार झालीय. कॅरिबियन पक्कं. तू फक्त ते कालचं काढू नकोस. उगाच त्या टेन्शन घेतील."

लॉजिक बरोबर होतं, हाच तर प्रॉब्लेम. गप्प बसले तर परवानगी. खरं बोलले तर घोळ. मी मर्सिंग येईपर्यंत विचार केला आणि चॉकलेट खाल्लं, कारण चॉकलेटवर माझा राग नव्हता.

घरी पोचलो. वहिनीने वरणभात लावला होता. व्हिडिओ कॉलवर आई. दादाने सुरुवात केली, "काकू, एकदम भारी झालं. मध्ये जरा घाबरली होती सई, पण मी होतो ना."

मी होतो ना.

झालं. मी सगळं सांगितलं. कासव, हिरवं पाणी, एक मिनिट, एकटीने वर येणं. आवाज चढला असेल, मला नाही वाटत फार चढला. वहिनी वरण वाढता वाढता थांबली आणि दादाला म्हणाली, "मॉलमध्ये पण तू असाच पुढे निघून जातोस. मी फोन करून करून शोधते तुला."

"केतकी, तू पण?"

आई स्क्रीनवरून सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे अमेय सोबत असूनही असं झालं? मग एकटीने तर नकोच. राहू दे ते कॅरिबियन."

बघा. सोडून गेला तो. नियम पाळला मी. पास झाले मी. आणि कॅन्सल झालं माझं. मी फोन वहिनीच्या हातात दिला आणि आत जाऊन ओले कपडे मशीनला लावले, इतक्या जोरात दार आपटून की वहिनीला मशीन तुटल्यासारखं वाटलं.

आठवडाभर आईशी बोलले नाही. मग तिकीट काढलं. बार्बाडोसपर्यंत जायचं, पुढचं तिथे जाऊन ठरवायचं. आईला तारखा पाठवल्या. विचारलं नाही, कळवलं. निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही. आईचा राग असाच असतो, माझा कुठून आलाय हे मला माहितीये.

टिओमानला जरूर जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी टाळा, तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि बरंचसं बंद असतं. कॅश न्या, एटीएमवर विसंबू नका. आणि सोबत कोण आहे यावरून कोणी तुम्हाला परवानगी देत असेल, तर त्यांना विचारा की तो सोबतचा माणूस नक्की काय करणार आहे. मी अजून चिडलेली आहे. दादा म्हणतो आता पुरे. पुरे कधी ते मी ठरवेन.

तारखा पाठवल्यानंतर चौथ्या दिवशी, ऑफिसमध्ये असताना, आईचा मेसेज आला. "सोबत कोण आहे ते विचारत नाही. पाण्यातून वर आलीस की दर वेळी कळवायचं. दर वेळी."

मी लिहिलं, "हो."