यंदाचा चीक

मस्कतला निघालो त्या सकाळी घरात चीक तयार होता आणि मी तो खाल्ला नाही. पँट नवी होती. ताटलीत वाफाळणारा गव्हाचा चीक, वर गोडेतेलाची धार. तो पँटवर सांडला तर डाग काही केल्या जायचा नाही, आणि मी तर परदेशी निघालेलो. "उशीर होतोय," म्हणालो आणि बाहेर पडलो. मुंबईची गाडी त्यानंतर दोन तासांनी आली. तोवर सातपूरच्या आमच्या कॉलनीच्या फाटकाशी मी बॅगेवर बसून होतो, उपाशी. परत घरात जाऊन चीक मागायचा म्हणजे इभ्रतीचा प्रश्न.

माझ्या इभ्रतीची हकीकत तिथेच संपली असती तर बरं झालं असतं.

ज्यांनी कधी घर सोडलं नाही त्यांना वाटेल, चिकाचं काय एवढं? पण चीक वर्षातून एकदाच, कुरडयांच्या दिवशी. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, पिळायचे, सत्त्व निवळू द्यायचं आणि सकाळी ते आधणात ओतून शिजवायचं. तोच चीक. तो सोऱ्यात गेला की कुरडया. मधल्या पाच-दहा मिनिटांत ताटली पुढे केली तर केली, नाहीतर बसा वर्षभर. कॉलनीतल्या बायकांचे नंबर ठरलेले असायचे: आज वच्छलाकाकूंच्या कुरडया, उद्या आमच्या. काम एकटीचं नाहीच. एकीने पातेलं फडक्याने घट्ट धरायचं, दुसरीने दोन्ही हातांनी चाटू फिरवायचा. मी निघायच्या दिवशी घरात चीक असावा म्हणून आईने काकूंशी नंबर बदलून घेतला होता. हे मला नंतर कळलं. मला सगळंच नंतर कळतं.

मस्कतला कंपनीचा कॅम्प होता, मेस होती, खोलीला एसी, शुक्रवारी बिर्याणी. तक्रार करावी असं काही नव्हतं, म्हणून मी चिकाची काळजी करायचो. मार्च संपत आला की सुरू: गहू भिजले असतील का? आपल्याशिवाय खाल्ला असेल का? एकदा सुपरमार्केटमधून कॉर्नफ्लॉवर आणून शिजवलं. खोलीतला केरळचा जोसेफ पातेल्यात डोकावून म्हणाला, "पोस्टर चिपकाना है क्या?" मी चमचाभर खाल्लं. पोस्टरच चिकटवायला हवं होतं.

आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. समोरच्या वच्छलाकाकूंकडे होता. दर शुक्रवारी माझ्या फोनसाठी आई तिथे जाऊन बसायची. तिसऱ्या वर्षी मला मेअखेर सुट्टी मिळणार असं ठरलं, आणि मी एप्रिलमध्येच फोनवर हुकूम सोडला, "मी येईपर्यंत कुरडया करू नकोस."

"अरे, नंबर लागलेत. आपला पुढच्या आठवड्यात."

"मग पुढे ढकल ना."

मागून काकूंचा खणखणीत आवाज आला, "त्याला म्हणावं, गहू काय तुझ्या कंपनीत कामाला हाय का, तुझी सुट्टी बघून भिजायला?"

मी पोट धरून हसलो. आई नुसतं "बरं" म्हणाली.

मेअखेर कंपनीत शटडाऊनचं, म्हणजे प्लँट बंद ठेवून दुरुस्तीचं, काम निघालं. सुपरवायझरने विचारलं, सुट्टी पुढे ढकलून कोण थांबतं? माझा हात वर गेला. तो शाळेपासून असाच जातो, उत्तर येत नसलं तरी. घरी फोन केला. काकू लग्नासाठी नामपूरला गेलेल्या, काकांनी आईला बोलावून आणलं.

"गहू भिजलेत रे," आई म्हणाली. "उद्या चीक. सगळ्या बायका गावाला गेल्यात, पण तू येणार म्हणून घातले भिजत."

"मग कर ना. त्यात काय!"

पुढचं वर्षभर मी दर शुक्रवारी कुरकुर केली. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कुरडया का पाठवत नाहीस? आई म्हणायची, "यंदा गहू बरोबर नव्हते." मी गव्हाला शिव्या दिल्या.

पुढच्या मेमध्ये सुट्टीवर गेलो. आई दारात उभी, भर उन्हाळ्यात पायात मोजे घालून. मी लगेच सुरू झालो, "आई, मोजे? परदेशी मी गेलो की तू?" वडील, म्हणजे आमचे अण्णा, कसनुसं हसले. माहेरी आलेली ताई हसली नाही. तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"एकटीच पातेलं धरून घाटत होती," ताई म्हणाली. "अण्णा फर्स्ट शिफ्टला. पातेलं कललं, सगळा चीक पायावर. गरम पाणी निदान ओघळून तरी जातं. चीक चिकटून बसतो. पायाची दोन बोटं एकमेकांना चिकटलीत तिची. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती आम्हाला."

त्यानंतर मी बरीच वर्षं मस्कतलाच काढली, अजून तिथेच आहे. आई आता नाही. कॉलनीतल्या बायका बचत गटाच्या कुरडया पाकिटातून आणतात. पाकिटात चीक येत नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे पटेल: आपल्याला धास्ती असते ती आपलं काय हुकेल याची, आणि हुकतं ते भलतंच. घर म्हणजे मला आता ती जागा वाटते जिथे मी नसताना काहीतरी घडलं आणि मला लागू नये म्हणून सगळ्यांनी तोंड मिटून घेतलं.

पण त्या सुट्टीतली एक सकाळ सांगायची राहिली. पायामुळे आईने त्या वर्षी गहू भिजवलेच नव्हते. मी भिजवले. तीन दिवस पाणी बदललं, ताईने पातेलं धरलं, मी चाटू फिरवला. घाम, धूर, गुठळ्या. पहिली ताटली खुर्चीत बसलेल्या आईला दिली. तिने मान खाली घालून सगळी संपवली आणि पुन्हा पुढे केली. ताईने सांगितल्यापासून जुळवत आणलेलं भाषण मी सुरू केलं, "आई, माझ्या चिकाच्या हट्टापायी तुला एवढं..."

"तुझ्या कुठला?" बोट चाटत आई म्हणाली. "मलाच आवडतो चीक. दोन वर्षं झाली, तोंडात नव्हता. तू आपला दर वेळी मधे लुडबुडतोस. सरक तिकडे, सगळ्या गुठळ्या करून ठेवल्यास."