जोडे तेवढे परत

शेजारच्या काकूंना फोनवर हळू बोलणं जमतच नाही. झाडावर चढायला शिकवणाऱ्या प्रत्येक क्लासला त्या विचारत, "दोर, पट्टा, हेल्मेट सारं तुम्हीच देता ना गा? मी काहून विकत घेऊ? आधी मले जमते का, ते तर पाहू द्या!"

भिंतीपलीकडं मी वैतागायचो.

अखेर सगळं सामान देणारा क्लास धरमपेठेतच सापडला. रविवारी मीही बघायला गेलो. काकूंनी पट्टा बांधला, हेल्मेट चढवलं आणि जोडे तेवढे परत केले.

"झाडावर कोणी जोडे घालून चढते का गा?"

कडुलिंबाच्या बुंध्याला नमस्कार करून त्या अनवाणी चढल्या. पार वरच्या फांदीपर्यंत.

"कोण होय गा ह्या बाई?" गर्दीतल्या एकानं विचारलं.

"शेजारीण आहे आमची!" माझाही आवाज हळू निघाला नाही.