आमच्यात पोट्टे टिकत नाहीत

माझ्या पोराचं नाक बारशाच्या दिवशीच टोचलं. उमरेडला, माहेरी, सोनाराला घरी बोलावून. उजव्या नाकपुडीत सोन्याची बारीक तार. पोरगं असं किंचाळलं की माझा नवरा उठून अंगणात निघून गेला. तो बँकेत नोकरीला, नागपूरला प्रतापनगरात वाढलेला, त्याला हा सगळा खुळचटपणा वाटत होता. वाटू दे. त्याच्या घरात कोणी गेलं नव्हतं.

माझ्या आधी आईला दोन मुलगे झाले आणि दोघंही वर्षाच्या आत गेले. आईचा सख्खा भाऊही तसाच गेला होता, रांगता. घरात मुलगे टिकत नसले की आमच्यात नव्या मुलाचं नाक टोचतात. मृत्यूला वाटावं ही पोरगी आहे, आणि त्यानं पुढचं घर गाठावं. मी बीएस्सी झालेली बाई. मृत्यू नाक बघून फसतो यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसला म्हणून काय झालं, भीती तर होती ना.

पहिले पाच-सहा महिने पोरगं ठणठणीत. साधी शिंकसुद्धा नाही. आई रोज फोनवर विचारायची, तार हाय ना नाकात? हाव वं, हाय, म्हणून मी फोन ठेवायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, काय गुटगुटीत आहे हो, की मी लगेच भाजीचा विषय काढायची. कारण आईनं एकदाच, हातमागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता मला सांगितलं होतं की तिचे दोघंही बसायला लागेपर्यंत असेच गुटगुटीत होते. त्यामुळे माझं पोरगं पहिल्यांदा उशीच्या आधाराशिवाय बसलं, तेव्हा घरात टाळ्या वाजल्या आणि मी त्याला पटकन पुन्हा आडवं निजवलं.

आणि सुरू झालंच. आधी कान फुटला. मग खोकला, मग ताप, मग न्यूमोनिया. औषधाची बाटली संपेपर्यंत बरं, संपली की पुन्हा अंग तापलेलं. जो येईल तो म्हणे, दात येऊन राहिले असतील. दातानं कानातून पू येतो का हो, असं मी एका चुलतसासूला तोंडावर विचारलं, तर त्या चहा न घेताच गेल्या. गेल्या तर गेल्या. मला कोणाशी गोड बोलायला जमतच नव्हतं. पोरगं झोपलं की मी त्याच्या छातीला कान लावून बसायची. श्वासात जरा घरघर आली की दिवा लावून नवऱ्याला उठवायची. आई एसटीनं येऊन राहिली होती. ती नुसती त्याच्याकडे बघायची, आणि तिचं ते बघणं मला सहन व्हायचं नाही. हे सगळं तिनं आधी पाहिलेलं होतं ना.

दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला तेव्हा आम्ही त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी छाती तपासली, आणि मग त्यांची नजर नाकातल्या तारेवर थांबली. आता ही बाई आपल्याला झापणार, असं मला वाटलं. नवऱ्यालाही वाटलं असावं. जुन्या लोकांचं असतं काहीतरी, असं तो पुटपुटला. पण डॉक्टरबाईंनी सरळ आईला विचारलं, नाक का टोचलं?

"आमच्यात पोट्टे टिकत नाई मॅडम," आई म्हणाली. "माहे दोन गेले. माहा भाऊ गेला. म्हून टोचलं."

डॉक्टरबाई खुर्चीवर नीट बसल्या. मुलींना कधी असं झालं का, त्यांनी विचारलं. आईनं माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणाली, हे काय उभी हाय समोर. मग बाईंनी बॅटरी घेऊन पोराचा घसा पाहिला, पुन्हा पाहिला. गळा साफ आहे ना, मी आशेनं विचारलं. फारच साफ आहे, त्या म्हणाल्या, टॉन्सिल दिसतच नाहीत. हे बोलताना त्यांचा चेहरा बदलला.

रक्त मुंबईला गेलं. रिपोर्ट येईपर्यंत मी काय खाल्लं, कशी आंघोळ केली, काही आठवत नाही. एवढंच आठवतं की फोन वाजला की मी स्वयंपाकघरात पळायची, म्हणजे तो नवऱ्याला उचलावा लागायचा.

रिपोर्ट आला. रोगाशी लढायच्या अँटिबॉडी ज्या पेशी बनवतात, त्या माझ्या पोराच्या रक्तात जवळजवळ नव्हत्याच. डॉक्टरबाईंनी सावकाश समजावलं. बाळ पोटात असतानाच या पेशी तयार व्हायला लागतात, आधी यकृतात, मग हाडांच्या मगजात, एकेक टप्पा पार करत. याच्या पेशी अर्ध्या वाटेत अडतात, पुढं वाढतच नाहीत. टॉन्सिलही याच पेशींनी भरतात, म्हणून ते दिसले नव्हते. मग सहा महिने हा ठणठणीत कसा होता, असं मी जवळजवळ भांडूनच विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्या अँटिबॉडींवर. जन्माआधी नाळेतून गेलेल्या. त्या संपल्या आणि याचं स्वतःचं काही नव्हतं. हा दोष बाईकडून मुलाकडे येतो, बाईला स्वतःला काही होत नाही. आजीकडून तुमच्याकडे, तुमच्याकडून याच्याकडे.

म्हणजे माझ्याच रक्तातून. त्या क्षणी मला वाटलं, जमीन फाटावी.

आता त्याला दर महिन्याला सलाईन लागतं. कोण कुठल्या अनोळखी माणसांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी त्याच्या शिरेत थेंबथेंब जातात. पहिल्या वेळी आई पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. वाचंल का हा, तिनं विचारलं. सलाईन चुकवलं नाही तर वाचेल, शाळेत जाईल, डॉक्टरबाई म्हणाल्या.

"माहे पोट्टे गेले, तवा होतं का हे औषध?"

डॉक्टरबाई सलाईनच्या थेंबांकडे बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "उमरेडला नव्हतं, आजी."

"मंग ठीक हाय," आई म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. त्या दोघांसाठी तिला रडताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

उमरेडला नव्हतं. मग नागपूरला होतं का, एसटीनं तास-दीड तासावर? दर महिन्याला मी त्या बाईंसमोर बसते. अजून विचारायची छाती झालेली नाही.