नारायण पेठ ते कात्रज, पोटात हेवा घेऊन

लोक प्रवासवर्णन लिहायला लडाखला जातात. आमच्या ऑफिसातले हल्ली व्हिएतनामला जातात. मी कात्रजला जाऊन आले. हसू नका. नारायण पेठेतच जन्मलेल्या आणि लग्न करून दोन गल्ल्या सोडून राहायला गेलेल्या बाईसाठी स्वारगेटच्या पुढे जे सुरू होतं ते परगावच. ऑफिससाठी रोज खराडीला जाते, पण ते कंपनीच्या बसमध्ये झोपून. त्याला आमच्याकडे प्रवास म्हणत नाहीत.

जायचं कारण प्रज्ञा. ही माझ्या टीममधली, माझ्याहून बरीच लहान, मूळची भंडाऱ्याची. करोनाच्या दुसऱ्या लाटेत एकाच आठवड्यात तिचे बाबा गेले आणि माझा नवरा नंदन गेला. तेव्हापासून ऑफिसात आमची जोडी लागली. सगळ्यांना वाटतं, दोघी एकमेकींना धीर देतात. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटतो, आणि तो दोन वर्षांत कमी न होता वाढलाच आहे.

म्हणजे असं, की प्रज्ञा डबा उघडते आणि म्हणते, "बाबांना हे भरीत फार आवडायचं, पण दर वेळी आईला म्हणायचे, तिखट कमी पडलं." टेबलावरचे सगळे हसतात. तिचे बाबा जणू पलीकडच्या खुर्चीवर बसून जेवत असतात. एकदा मीही म्हणून पाहिलं, "नंदनलाही भरीत आवडायचं." लगेच सगळे गप्प. एकीने माझ्या हातावर हात ठेवला, दुसरीचे डोळे भरले. मला कुणाचा हात नको होता हो, मला भरिताबद्दल बोलायचं होतं.

तर एप्रिलमध्ये प्रज्ञा म्हणाली, "मंजिरीताई, संडेला फ्री आहात का? बाबांचा पुण्यानुमोदनाचा प्रोग्राम आहे घरी. याल? व्हाइट काहीतरी घाला फक्त."

पुण्यानुमोदन म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "आमच्यात करतात. वंदना होते, मग लोक बाबांबद्दल बोलतात, मग जेवण."

लोक बोलतात? नुसतं बोलायला लोक जमतात? मला तिथेच जळजळ सुरू झाली. नंदनच्या वेळी लोक जमायचा प्रश्नच नव्हता. दहावा, तेरावा सगळं लॅपटॉपवर. त्या तेराव्यातलं मला स्पष्ट आठवणारं वाक्य एकच, आणि ते माझ्या दिराचं आहे: "गुरुजी, तुम्ही म्यूटवर आहात." पंचवीस वर्षं ज्या कंपनीत राबला तिथून एक मेल आला, त्याखाली हात जोडल्याची चित्रं आली, आणि त्याच आठवड्यात त्याचा आयडी बंद झाला. संपलं. शेवटचे शब्द म्हणावेत तर तेही धड नाहीत. रुग्णवाहिकेत चढताना मागे वळून म्हणाला, "गॅसवर दूध आहे बघ. येतो." प्रज्ञाला एकदा सांगितले होते ते शब्द, तेवढंच. यात आठवण म्हणून काय जपायचं?

तेव्हा मी कात्रजला निघाले ती आदरांजली वाहायला नाही. यांच्याकडे असं काय आहे, जे आमच्याकडे नाही, ते बघायला निघाले.

आता रस्त्याचं. रविवारी सकाळी पेठेतून रिक्षा शोधू नका. मिळाली तर रिक्षावाला कात्रज म्हटल्यावर तुमच्याकडे दया आल्यासारखं बघेल आणि मीटरचा विषय टाळेल. लक्ष्मी रस्त्यावर चालत या, स्वारगेटची बस धरा आणि तिथे कात्रजची. रविवारी सकाळी खिडकी मिळते. तिकीट वडापावापेक्षा स्वस्त आहे. सातारा रस्त्यावर बसचे थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत, उतरल्यावर दोन्हीकडे बघा. एप्रिलचं ऊन असेल तर पूर्वेकडची खिडकी सोडा.

पद्मावती, बालाजीनगर, धनकवडी. मी लहान असताना इथे माळ होता म्हणे; आता इमारतींमागे टेकडी शोधावी लागते. आयटी आल्यावर पुण्याने अंग कसं पसरलं, ते खिडकीतून फुकट दिसतं. नंदन कात्रजचं नाव निघालं की हमखास म्हणायचा, "बघ हं, कुणी घाट दाखवेल." पेशव्यांच्या काळात शनिवारवाड्याला पाणी कात्रजच्या तळ्यातून यायचं. म्हणजे आम्ही पेठकर पिढ्यान् पिढ्या कात्रजचंच पाणी प्यायलो, आणि तरी कात्रज पुण्यात धरत नाही. कृतघ्नपणा अंगात मुरलेला आहे.

शेवटच्या थांब्यावर उतरून डेअरीच्या बाजूने आत गेलं की प्रज्ञाची सोसायटी. पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून मांडव घातला होता. टेबलावर पांढरं कापड, बुद्धाची मूर्ती, तसबिरी, मेणबत्त्या, आणि कडेला प्रज्ञाच्या बाबांचा फोटो. फोटोत ते चक्क हसत होते. आमच्याकडे भिंतीवर लावायला नंदनचा पासपोर्टवरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तो सरकारला घाबरलेला दिसतो.

दारातल्या गृहस्थांनी "जय भीम" म्हणून स्वागत केलं. मी "नमस्कार" म्हणाले, मग घाईने "जय भीम" म्हणाले. ते हसून म्हणाले, "दोन्ही पोचलं, बसा." मांडव पांढऱ्या कपड्यांनी भरला होता. माझ्याकडे पांढरं असं काही नव्हतं; विधवेने पांढरं घेतलं की आमच्या वाड्याबिल्डिंगीत कुजबुज होते, म्हणून दोन वर्षं ते टाळलंच होतं. सायीच्या रंगाचा कुर्ता घालून गेले होते. इथे मात्र सगळेच पांढऱ्यात, नवऱ्यासोबत आलेल्या बायका, कॉलेजची पोरं, सगळेच. कुणीही माझ्याकडे वळून बघितलं नाही.

त्रिशरण, पंचशील झालं. आवाज एकमेकांत छान मिसळत होते, कुणीही म्यूटवर नव्हतं. मग एक पोक्त गृहस्थ उभे राहून म्हणाले, "आता ज्यांना बोलायचं आहे त्यांनी बोलावं. खरं बोलावं."

मला वाटलं, भाषणं होतील. आदर्श पिता, कर्तव्यदक्ष वगैरे. पण पहिलेच उठले ते प्रज्ञाच्या बाबांबरोबर रोज फिरायला जाणारे एक मित्र. "हा माणूस इतकं बोलायचा," ते म्हणाले, "की आम्ही चौघांनी तळ्यावर फिरायची वेळ बदलली. चौथ्या दिवशी हा नव्या वेळेला हजर! वरून आम्हालाच म्हणतो, बरं झालं तुम्ही भेटलात, मी पण वेळ बदलली."

अख्खा मांडव हसला. प्रज्ञाची आई पदराने डोळे पुसत हसत होती. मग शेजारच्या एक बाई उठल्या. पन्नाशीत त्यांना बाबांनी स्कूटर शिकवली होती, आणि शिकवताना स्वतःच दोनदा पडले होते. मग भंडाऱ्याहून आलेला बाबांचा भाऊ. तो म्हणाला, "भाऊ माझा चांगला होता, पण पत्त्यात लबाडी करायचा." पुन्हा हशा.

मी हसले नाही. एका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या माणसासाठी एवढे लोक, एवढ्या गोष्टी! माझा नंदन काय कमी बोलायचा? तो काय कमी वेळा पडला? पण त्याच्या गोष्टी ठाऊक असलेले लोक आपापल्या घरात, आपापल्या स्क्रीनमागे बसले, आणि मग विसरून गेले. प्रज्ञाची आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमीबी बोला ना जी." मी म्हणाले, "मी त्यांना कधी भेटले नाही हो काकू." आवाज माझा मलाच तुटक वाटला.

जेवणात आलू-वांग्याची भाजी होती. विदर्भातली, वर तेलाचा तवंग, खाली आग. पुरी, भात, बुंदी. कुणी कात्रजला बोलावलं तर या भाजीसाठी तरी जा, मात्र ताकाचा पेला आधी हाताशी घेऊन बसा. मी दोनदा घेतली. हेवा वाटत असला तरी भूक लागते.

आणि मग मी निघाले. कुणालाही न सांगता. यात उर्मटपणा नव्हता. दुखवट्याच्या घरून निघताना "येते" म्हणायचं नाही, निरोप घ्यायचा नाही, मुकाट्याने उठायचं, हे आमच्या हाडात भिनलेलं आहे. पुन्हा अशा कारणाने यायला लागू नये म्हणून. मी चप्पल घातली आणि थांबा गाठला.

बस यायची होती. तेवढ्यात समोर स्कूटर थांबली. पुढे प्रज्ञा, मागे पांढऱ्या साडीत तिची आई, हातात स्टीलचा डबा.

"असं कोनी जाते काय जी, न सांगता?" काकू उतरता उतरताच म्हणाल्या. त्या खरंच दुखावल्या होत्या. "काही चुकलं काय आमचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रीत समजावून सांगितली. दुखवट्याच्या घरी येते म्हणत नाहीत, वगैरे.

"दुखवटा?" काकू म्हणाल्या. "दोन वर्षं झाले ना बाई. आज त्यांचा दिवस हाय. तुमाले परत यायचं नाही काय आमच्याकडं?"

प्रज्ञा म्हणाली, "आई, मंजिरीताईंचे मिस्टर पण तेव्हाच गेले. सांगितलं होतं ना मी तुला?"

काकू थांब्याच्या बाकावर बसल्या आणि मला शेजारी बसवलं. "कसे होते ते? सांगा ना."

दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. कसा गेला, हे सगळ्यांनी विचारलं. ऑक्सिजन किती होता, बेड कुठे मिळाला, ते विचारलं. कसा होता, हे नाही.

मी काय सांगितलं असेल? दोन हजार साल उजाडायच्या वेळची गोष्ट सांगितली. तेव्हा म्हणत होते, जगातले कॉम्प्युटर बंद पडणार, विमानं पडणार. आमचं नुकतंच लग्न झालेलं, आणि नंदनला एकतीस डिसेंबरला ऑफिसात पहारा. हा टॉर्च, मफलर, पाण्याच्या बाटल्या आणि सासूबाईंनी केलेला डबाभर चिवडा घेऊन युद्धावर निघाल्यासारखा गेला. सकाळी परत आला तो तोंड पाडून. मी घाबरून विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "काहीच झालं नाही गं." इतका हिरमुसलेला माणूस मी पाहिला नव्हता. जग बुडालं नाही म्हणून! आणि चिवडा सगळा संपवून आला होता.

काकू इतक्या हसल्या की थांब्यावरचे लोक बघायला लागले. प्रज्ञाही हसली. नंदनच्या नावावर कुणीतरी हसत होतं. एक बस आली आणि गेली. मी आणखी सांगितलं. दुसरी बसही गेली.

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, मला तुमचा फार हेवा वाटतो. सकाळपासून वाटतोय."

मला वाटलं, आता या गप्प होतील किंवा माझ्या हातावर हात ठेवतील. पण काकू साधेपणाने म्हणाल्या, "वाटंलच ना. मले प्रज्ञानं सांगतलं तवापासून मले तुमचा वाटते."

"माझा? कशाबद्दल?"

"तुमचे मिस्टर दुधाचं सांगून गेले ना. येतो म्हनले. प्रज्ञाचे बाबा जल्मभर बोलले, अन् शेवटी तोंडाले ते मशीन. मी काचेतून पाहून राह्यली, पन त्याईले एक शब्द बोलता नाही आला. एवढं बोलनारा मानूस. एवढे लोक बोलले आज, पन तो एक शब्द मले कोनी आनून देईल काय?"

तिसरी बस आली. काकूंनी डबा माझ्या हातात दिला. मी पायरीवर चढले, वळले आणि म्हणाले, "येते काकू."

"हाव, या," काकू म्हणाल्या.

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कारण मी स्वारगेटपर्यंत तोंडावर ओढणी घेऊन रडत होते. एवढं सांगते, की कंडक्टरने तिकीट मागताना घाई केली नाही.

घरी आले. डब्यात आलू-वांगं होतं, त्याचं तेल पिशवीला लागलं होतं. ते गॅसवर गरम करायला ठेवलं आणि उभी राहिले. त्या दिवशी दूध उतू गेलं होतं. रुग्णवाहिका वळेपर्यंत मी खालीच उभी होते. वर आल्यावर करपलेला ओटा घासत मला त्याचा रागच आला होता, जाताना बोलायला हेच सुचलं म्हणून. आता ते वाक्य मी काकूंच्या कानांनी ऐकलं. येतो. सगळ्या शहरात कितीतरी लोकांना तेवढंही मिळालं नव्हतं.

हेवा गेला का? नाही. परवा प्रज्ञाने डब्यात पुन्हा भरीत आणलं तेव्हा थोडा वाटलाच. पण मी म्हटलं, "नंदनला हे आवडलं नसतं, वांगं जास्त भाजलंय." या वेळी प्रज्ञाच आधी हसली.

तर आता उलट्या प्रवासाची माहिती. येत्या रविवारी सकाळी नंदनसाठी माझ्या घरी जमायचं आहे. कात्रजहून येणाऱ्यांनी स्वारगेटची बस धरावी, तिथून लक्ष्मी रस्त्याकडे येणारी; उतरून थोडं चालावं लागेल. काकूंनी बस कुठे बदलायची ते दोनदा विचारून घेतलं आहे. गाडी आणू नये, पेठेत पार्किंग नाही आणि शेजारी बोलतात. जागा कमी आहे, मांडीला मांडी लावून बसावं लागेल. चिवडा आहे. ज्यांनी नंदनबरोबर काम केलं, भांडण केलं, ज्यांच्याशी तो पत्त्यात हरला, त्यांनी यावं आणि बोलावं, खरं बोलावं. ज्यांचं स्वतःचं कुणी त्या दिवसांत गेलं आणि बोलायचं राहिलं, त्यांनीही यावं, नंदनला ओळखत नसलात तरी चालेल.

अट एकच आहे. निघताना सांगून जायचं.