शेतकऱ्याला ‘येतो’ म्हणालो त्याची गोष्ट

मी शिकारी आहे ही बातमी माझ्या सासऱ्यांना माझ्याकडूनच कळली, तीही फोनवर. खरं तर मी लेस्टरमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो. ऑफिसातल्या एका मित्राच्या नादाने क्लबात जाऊन क्ले शूटिंगला लागलो होतो. यंत्र मातीची बशी हवेत भिरकावतं, आपण ती बंदुकीने फोडायची. त्यासाठी पोलिसांकडून रीतसर सर्टिफिकेट घेतलं, बंदुकीचं लोखंडी कपाट भिंतीत ठोकून घेतलं. बायको म्हणाली, “घरातल्या बशा तू कपाटाशिवायच फोडत होतास की.”

तर सासऱ्यांनी कोल्हापूरहून विचारलं, “शनिवारचं काय करता, जावईबापू?” त्यांना मी मामा म्हणतो. तरुणपणी त्यांनी तित्तर आणि लावे मारलेले. तेव्हा तसं चालायचं. अशा माणसाला ‘बशा फोडतो’ कसं सांगायचं? मी म्हणालो, “शिकारीला जातो.”

“कशाच्या?”

“फेजंटच्या.”

“त्यो काय असतो?”

“कोंबडाच. फक्त मोराचे कपडे घातलेला.”

मग मामा म्हणाले, “डिसेंबरात येतोय मी. मसाला माझा, कोंबडा तुमचा. दुकानातला चालणार नाही. तुम्ही मारायचा, मी शेजारी उभं राहून बघायचा.”

“बाबांना खरं सांगून टाक,” बायको म्हणाली. सांगतो म्हणालो आणि शेतं शोधायला लागलो.

कारण इथे पक्षी आभाळात कुणाचाही असो, बंदूक घेऊन ज्या जमिनीवर आपण उभे राहतो ती कुणाची तरी असते, आणि त्या कुणाचं तरी ‘हो’ लागतं. नाहीतर शिकारी नव्हे, चोर. मित्राने सल्ला दिला: बंदूक घरी ठेवून जा, बूट पुसून जा, आणि पोलाइट राहा. बूट मी पुसले. घात पोलाइटपणाने केला.

पहिल्या रविवारी टाय लावला, खोक्यात बेसनाचे लाडू घेतले. बायकोने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “कुणाची मुलगी बघायला चाललायस?”

तिचं अगदीच चुकलं नव्हतं. अनोळखी दार, पुसलेले बूट आणि तोंडावर मंद हसू. पहिल्या फार्मवर दार उघडलेल्या बाईंनी मला बोलूच दिलं नाही. “आलास एकदाचा,” म्हणाल्या आणि मला कुरिअरवाला समजून परत पाठवायचं भलंमोठं पार्सल हातात ठेवून दार लावलं. पुन्हा बेल वाजवणं बरं दिसेना. ते पार्सल मी पोस्टात नेऊन दिलं. आत पडदे होते असं वाटतं.

दुसरीकडे दार उघडंच होतं, पण त्यात कुत्रा बसला होता. आमची बोलणी गाडीच्या काचेतून झाली आणि फिसकटली.

तिसरं फार्म गावाबाहेर, चढावर. तिथल्या बाईंनी दार उघडून म्हटलं, “कम इन, मी डक.” ‘मी’ म्हणजे ‘माय’; लेस्टरकडच्या जुन्या माणसांची ही लाडाची हाक. कुणालाही बदक म्हणतात, दूधवाल्याला, डॉक्टरला, नवऱ्याला. पक्षी मारायची परवानगी मागायला आलेल्या माणसाला पहिल्याच वाक्यात बदक म्हटलं की त्याचं अवसान जरा गळतंच.

त्यांनी चहा विचारला. मी सवयीने “नको नको” म्हणालो. त्यांनी “बरं” म्हणून किटली परत ठेवून दिली. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे फक्त आग्रहाला जागा करून देण्यापुरतं असतं. इथे नको म्हणजे नको. हे मला त्या किटलीकडे बघतानाच शिकता आलं असतं.

शेतकरी आला. दाराच्या चौकटीएवढा माणूस. त्याने लाडू खाल्ला, दुसरा उचलला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सॉरी. फेजंट माझा मेहुणा मारतो. दुसऱ्या कुणाला मी येऊ देत नाही.”

काही हरकत नाही, थँक यू व्हेरी मच, असं म्हणत मी उठलो. दारापर्यंत आलो. आणि आयुष्यभर प्रत्येक घराच्या दारात जे म्हटलं तेच तोंडातून निघालं, फक्त इंग्रजीतून: “ओके देन, आय विल कम.”

तो थांबला. “काय?”

ऐकू आलं नसेल म्हणून मी मोठ्याने म्हणालो, “आय विल कम.”

“मी आत्ताच नाही म्हणालो.”

“येस, येस. थँक यू. आय विल कम.”

त्याने हातातला लाडू खाली ठेवला. “असं? कधी येणार?”

मला वाटलं, विरघळला. पहिल्या नकाराला काय अर्थ असतो? आता आग्रह सुरू झाला. मी लाजत म्हणालो, “सॅटर्डे?”

“सॅटर्डेला,” तो एकेक शब्द सावकाश म्हणाला, “मी स्वतः गेटवर उभा असेन.”

घरी येऊन बायकोला सांगितलं, “परवानगी मिळाली. शिवाय आपल्याला घ्यायला तो गेटपर्यंत येणार आहे.”

“नक्की हो म्हणाला?”

“हो असं नाही म्हणाला. पण गेट म्हणाला.”

गुरुवारी मामा आले. बॅगेत कपडे कमी, मसाले जास्त. शनिवारी सकाळी कानटोपी, मफलर, माझा जुना रेनकोट असा पोशाख करून गाडीत बसले. चढ चढून वळण घेतलं तर फाटकाच्या आत शेतकरी उभा. शेजारी त्याची बायको, शेजारी हाताची घडी घातलेला आणखी एक दांडगा माणूस, आणि सगळ्यांच्या पुढे कुत्रा.

मामा खूश झाले. “सगळं घर आलंय की स्वागताला. तुम्हाला मान दिसतोय इथं.”

बंदूक डिकीतच राहू दिली. आम्ही उतरलो. शेतकरी म्हणाला, “आलास तर.”

“आलो,” मी म्हणालो आणि त्या चार चेहऱ्यांकडे, कुत्र्यासकट, बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इंग्रजीत ‘येतो’ म्हणजे येतो.

मी घाईघाईने समजावायला लागलो. आमच्या भाषेत निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ते अशुभ. जातो तो कायमचा जातो. म्हणून आम्ही ‘येतो’ म्हणतो.

“म्हणजे जो जाणार आहे तो म्हणतो मी येतो,” शेतकरी म्हणाला.

“हो.”

“आणि खरंच येणार असेल तो?”

“तोही येतो म्हणतो.”

“मग समोरच्याला कळतं कसं?”

मला हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “चेहऱ्यावरून.”

त्याने माझा चेहरा नीट बघितला. समाधान झालेलं दिसलं नाही.

“काय म्हणतोय?” मामांनी मागून विचारलं.

“किती कोंबडे हवेत विचारतोय.”

“सहा सांगा.”

मी शेतकऱ्याला सांगितलं, “माझे सासरे म्हणतात, सॉरी.”

“सॉरी झालेले दिसत नाहीत ते,” तो म्हणाला. दिसत नव्हतेच. मामा फाटकावर हात ठेवून शेताकडे मालकासारखे बघत होते.

तेवढ्यात त्याच्या बायकोला हसू आवरेना. ती पुढे येऊन मामांना म्हणाली, “यू मस्ट बी फ्रोझन, मी डक.”

“बदक म्हणाली काय मला?” मामांनी हळूच विचारलं.

“इथं प्रेमानं म्हणतात.”

“आपल्या डिकीत बंदूक आहे, हे माहीत आहे ना तिला?”

बाई नवऱ्याला म्हणाली, “एवढ्या लांबून म्हातारा माणूस आलाय. पारवे दे की त्यांना.” शेतकऱ्याने मेहुण्याकडे पाहिलं. दांडग्या माणसाने घडी सोडली आणि खांदे उडवले. फेजंट नाही, पण मागच्या शेतात तेलबियांचं पीक होतं, आपल्या मोहरीची थोरली बहीण, आणि पारवे ते रोज फस्त करत होते. तिथे हवे तेवढे मारा, उलट उपकार होतील, असं ठरलं. शेवटी परवानगी मिळाली. फक्त पाखरू बदललं.

“पारवे?” मामा चालता चालता थांबले. “अहो, पारव्यांना मी रोज सकाळी गच्चीवर ज्वारी टाकतो.”

“मग परत फिरू या?”

“आता एवढी मंडळी बघतायत. चला.”

कुंपणाच्या झुडपांमागे आम्ही बसलो. पुढे सगळं शेत करड्या पारव्यांनी भरलेलं. अशा ठिकाणी नेम धरायची गरज पडत नाही असं क्लबात सांगतात. मी बंदूक उचलली. मामा कानाशी कुजबुजले, “तो डावीकडचा आमच्या गच्चीवरल्यासारखाच मान हलवतोय.”

“मामा, बोलू नका.”

“नाही बोलत. पण त्याला सोडा.”

मी डावीकडचा सोडून बार काढला. अख्खा थवा फडफडत वर गेला. दुसरा बार काढला तो आभाळाला लागला असावा. एक पीससुद्धा खाली आलं नाही.

मामा आभाळाकडे बघत राहिले. “सगळे गेले?”

“गेले.”

“बरं झालं.” मग माझ्याकडे वळून, “जावईबापू, याआधी एखादं पाखरू मारलंय का कधी?”

आता काय लपवायचं? “नाही. बशा मारल्यात. मातीच्या.”

“त्या तरी लागतात का?”

“कधी कधी.”

त्यांनी मान डोलावली. परत येताना गाडीत, आज ना उद्या कोल्हापुरात मामांच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात माझं काय होणार, ते मला दिसत होतं.

संध्याकाळी रस्सा झाला, दुकानातल्या कोंबडीचा. मी ताट घेत होतो तेवढ्यात मंडळातल्या एका मित्राचा व्हिडिओ कॉल आला. मामांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पलीकडून पहिलाच प्रश्न: “झाली का शिकार? जावयानं काही मारलं का नुसतंच थंडीत फिरवलं तुला?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी वाटीत पाहिलं. मामांनी सावकाश घास गिळला.

“काय सांगू तुला,” ते म्हणाले. “पारव्यांनी शेत काळं झालं होतं. एका बारात अख्खा थवा उडवला पठ्ठ्यानं. एकही शिल्लक ठेवला नाही.”