तेंग सरांचं खोडरबर

तैवानमधल्या काओश्युंग शहराच्या संगणक गल्लीत हुंग युन-श्याला सगळे ‘कात्री’ म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. तिला त्याचा राग यायचा नाही. राग यायला तिच्याकडे दुसऱ्या पुष्कळ गोष्टी होत्या.

बाई जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकायची. नववीत शाळा सोडलेली. स्क्रू-ड्रायव्हर आणि इंग्रजी दोन्ही आपलं आपण शिकली आणि दोन्ही सारख्याच जोरात वापरायची. दुकानात प्रत्येक मशीनवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं. मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून गल्लीत सगळेच ठेवतात. तारीख उलटायच्या आत पाकीट बदलायचं, नाहीतर मशीन रुसतं. युन-श्या या प्रकाराची यथेच्छ टिंगल करायची आणि पाकिटं वेळेवर बदलायची.

कुणाच्याच मालकीची नसलेली, हौशी लोकांनी मिळून चालवलेली एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिची मदतीची चिनी पानं काओश्युंगमधलं एक टोळकं सांभाळायचं. लिहायचं म्हटलं की सगळे पुढे. काही काढून टाकायचं म्हटलं की एकेकाला चहाची तल्लफ यायची. म्हणून ते काम युन-श्यानं अंगावर घेतलं. ‘माउसमधला गोळा स्पिरिटनं पुसा’ – गेलं. ‘इंटरनेट चालू असताना घरात कुणाला फोन उचलू देऊ नका’ – गेलं. ‘पडदा थरथरला तर डब्याला बाजूनं चापट मारा’ हेही गेलं, पण ते कापताना तिला वाईट वाटलं. सबंध मदतीत हा एकच सल्ला तिच्या स्वभावाला धरून होता.

एक पान मात्र तिला कापता येत नव्हतं. ‘संगणक सुरूच होत नसेल तर’. ते तेंग सरांचं. सरांनी जन्मभर तंत्रशाळेत शिकवलं, टोळक्यातली निम्मी मंडळी त्यांच्या हाताखालची. पान म्हणत होतं: मागचं झाकण उघडा, मेमरीची पट्टी उपसा, तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबरानं घासा, परत बसवा. पाव शतकापूर्वी हा सल्ला सोन्यासारखा होता. बंदराच्या दमट हवेत ते दात काळे पडायचे आणि घासले की मेलेली मशीनं उठून बसायची. आताच्या पातळ लॅपटॉपात पट्टी बोर्डालाच डकवलेली असते, आणि झाकणाखाली आधी लागते ती बॅटरी.

हे रिस्मावातीला कुणी सांगितलं नव्हतं. रिस्मा इंडोनेशियातल्या जावाची. सानमिन भागात एका अंथरुणाला खिळलेल्या आजीची सेवा करायची. सुट्टी फक्त रविवारी, आणि त्या दिवशी ती युन-श्याच्या दुकानामागच्या खोलीत चालणाऱ्या वर्गाला यायची. तिला आपल्या देशाच्या मुक्त विद्यापीठाची परीक्षा द्यायची होती. युन-श्यानं तिला एक लॅपटॉप दिला होता. तो एके सकाळी सुरू होईना. रिस्मानं मदतीचं पान वाचलं, फळांच्या चाकूनं झाकण उचकटलं आणि जे जे सोनेरी दिसलं ते ते मन लावून घासलं. चाकू बॅटरीत घुसला. धूर निघाला. तिनं मशीन आजीच्या धुण्याच्या बादलीत बुडवलं, मग दुकानात परत पाठवून दिलं आणि वर्गाला यायची बंद झाली.

“मशीन गेलं खड्ड्यात,” युन-श्या फोनवर म्हणाली. “दुसरं देते. तू ये.”

“नको ताई. पानात बरोबरच लिहिलं असणार. लिहिणारे मोठे सर आहेत. मला ते डोकंच नाही. परीक्षेचं राहू द्या आता.”

युन-श्यानं फोन ठेवला आणि दुकानाचं शटर दाणकन ओढलं.

भूमीदेवाच्या देवळाला लागून अ-हुईची खानावळ आहे. टोळकं तिथं जमायचं. तेंग सर मुळ्याच्या वड्या खात होते आणि फोन हातभर लांब धरून, डोळे बारीक करून काहीतरी वाचत होते.

“सर, ते पान आज जायला हवं.”

“सातवा महिना चालू आहे, बाई. भुतं मोकळी सुटलीत. या महिन्यात काही मोडू नये, काही पुसू नये.”

“मागच्या महिन्यात तुमची कंबर धरली होती. त्याच्या आधी होड्यांच्या शर्यती होत्या. भुतं गेली की चंद्राचा सण येईल, मग तुम्ही मिठाई खात बसाल.”

“लेखकाचा होकार लागतो. रीत आहे.”

“रीत तुम्हीच घातलीत!”

“म्हणून तर मला ठाऊक आहे,” सर शांतपणे म्हणाले आणि त्यांनी आणखी एक वडी उचलली.

अ-हुईला गिऱ्हाइकांसमोर भांडण नको होतं. “देवाला विचारा की,” तो म्हणाला. “शेजारीच बसलाय. दिवसभर लोक त्याला लॉटरीचे आकडे विचारतात. जरा वेगळा प्रश्न मिळाला तर त्यालाही बरं वाटेल.”

तिघं देवळात शिरली. देवापुढे चंद्रकोरीसारख्या दोन लाल लाकडी फोडी असतात. त्या जमिनीवर टाकायच्या. एक पालथी, एक उताणी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या तर नकार. दोन्ही उताण्या तर देव नुसता हसतोय. युन-श्याचा यावर काडीचा विश्वास नव्हता. तिनं विचारलं, “पान काढू का?” दोन्ही उताण्या. पुन्हा टाकल्या. पुन्हा उताण्या. तिसऱ्यांदाही तेच.

“हसतोय,” अ-हुई म्हणाला. “प्रश्न चुकला तुझा.”

“हसायला त्याच्या बापाचं काय जातं!” ती करवादली आणि वळून सरांकडे बघू लागली. बघता बघता तिच्या लक्षात आलं की सरांच्या खांद्यावरची पिशवी लटकून चपटी झालीय. शिंचू शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं दिलेला चंदेरी लॅपटॉप त्या पिशवीत असायचा. गेलं वर्षभर सर अ-हुईचा भाव-फलकसुद्धा त्याच्यावर मोठ्या अक्षरांत उघडून वाचायचे. आणि आज हा माणूस फोन हातभर लांब धरून बसला होता?

तिनं फोडी उचलल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “भूमीबाबा, सोपं करून विचारते. सरांचा नवा लॅपटॉप बंद पडला, सरांनी आपल्याच पानातला उपाय केला आणि तो कायमचा मारला. खरं ना?”

तिनं फोडी भिरकावल्या. कंबर धरलेल्या तेंग सरांनी झेप घेऊन त्यातली एक हवेतच पकडली. दुसरी खाली पडली. एका फोडीवर देव काही बोलत नाही.

“देवाला कशाला मध्ये घालतेस!” सर धापा टाकत म्हणाले.

“मग तुम्ही बोला.”

सरांनी ती फोड दोन्ही हातांनी देवापुढे ठेवली. “माझ्या नावावर एवढं एकच पान उरलंय. बाकीची सगळी तू कापलीस.”

युन-श्याला गोड बोलता आलं असतं तर ती कात्री झालीच नसती. “चांगलं पान होतं ते, सर. मेलंय आता. मेलेल्यांना आपण या महिन्यात जेवायला घालतो. लोकांची मशीनं उघडायला पाठवत नाही. आणि एक पोरगी स्वतःला बिनडोक समजून घरी बसलीय ती तुमच्या नावामुळे. एवढ्या मोठ्या सरांचं चुकेलच कसं, म्हणते.”

सरांनी देवाला हात जोडले. मग खानावळीत येऊन त्यांनी तिचा लॅपटॉप ओढून घेतला आणि पान स्वतःच्या हातानं काढून टाकलं. खाली ‘कारण’ म्हणून जागा असते. तिथं त्यांनी लिहिलं, ‘लेखकाने स्वतः करून पाहिले.’

“एवढ्यानं भागणार नाही,” युन-श्या म्हणाली. “रविवारी वर्गाला यायचं.”

रविवारी तिनं रिस्माला निरोप धाडला: तुझ्यासारखाच एक रोगी आलाय, बघून जा. रिस्मा आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. टेबलावर तिचं बादलीत बुडालेलं मशीन होतं. तेंग सर उठले आणि त्यांनी आपला चंदेरी लॅपटॉप त्याच्या शेजारी पालथा ठेवला. पाठ उचकटलेली, कडा काळवंडलेली.

रिस्मा दोन पावलं आत आली. “सर... तुम्हीपण?”

“मीपण.”

“चाकूनं?”

“मासे कापायच्या सुरीनं.”

रिस्मानं तोंडावर हात धरला, पण हसू बोटांच्या फटीतून बाहेर आलंच. “आणि वर हिरवं पाकीट नव्हतं ठेवलं?”

“होतं,” सर खाली मान घालून म्हणाले. “तारीख उलटलेलं.”

युन-श्यानं पायानं खुर्ची सरकवली आणि तिसरा लॅपटॉप रिस्मापुढे आपटला.

“बस. धडा कुठवर आला होता ते काढ. आणि हे मशीन उघडायचं नाही,” ती म्हणाली. “दोघांनीही.”