सिक लीव्ह टाकणारी सिस्टर

आफ्रिकेत सिंह बघायला जायचं ठरलं, म्हणून बायको आणि मी पिवळ्या तापाची लस घ्यायला बेलापूरला गेलो. सुई भरता भरता, मान वर न करता सिस्टरने विचारलं, "साठीनंतर निघालात? इतकी वर्षं सिंह संपावर होते का, काका?"

बायको खळखळून हसली. "यांनी रजा साठवल्या हो. रिटायर होताना पैसे मिळतात ना!"

सिस्टरने आता माझ्याकडे नीट पाहिलं. "मी तर धडधाकट असताना सिक लीव्ह टाकते. नवऱ्यासंगं दिवाळे गावच्या खाडीत चिंबोऱ्या, खेकडे हो, धरायला जाते."

परतताना रिक्षात मी म्हणालो, "किती बेजबाबदार बाई!"

बायको बाहेर बघत म्हणाली, "मला सुखी वाटली."

आमच्या सफारीला तीन आठवडे उरले असताना बायको हार्ट अटॅकने गेली.